ऑपरेशन पोटाचं, दुखतोय खांदा!

प्रश्न : माझी धाकटी जाऊ ३८ वर्षांची आहे. डाव्या अंडाशयावर मोठी गाठ झाली म्हणून ते अंडाशय गेल्या आठवड्यात दुर्बिणीतून काढलं. गाठ साधी दिसतेय, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याच दिवशी ती घरी आली, पण पोटापेक्षा तिचा उजवा खांदाच जास्त दुखत होता. सासूबाईंचं म्हणणं, सव्वा महिना अंथरूण सोडायचं नाही. शेजारच्या काकू म्हणतात, आता पाळी महिन्याआड येणार. दुसऱ्या काकूंच्या मते तर चाळिशीआधीच म्हातारपण आलं. खरं काय?
– एक वाचक, चौबे कॉलनी, रायपूर

उत्तर : तुमच्या घरात सल्लागारांची वाण नाही, हे दिसतंच आहे. एकेक शंका क्रमानं घेऊ.

आधी खांदा. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, म्हणजे डॉक्टरांना आत नीट दिसतं आणि हात चालवायला जागा मिळते. शेवटी हा वायू बाहेर सोडतात, तरी थोडा मागे राहतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याखाली जमतो. त्यानं पडदा चुरचुरतो. या पडद्याकडून येणारी नस आणि खांद्याकडच्या नसा मज्जारज्जूत मानेपाशी साधारण एकाच ठिकाणी शिरतात. त्यामुळे पडद्याची तक्रार मेंदू खांद्याच्या खात्यावर मांडतो. शरीर तो वायू शोषून घेतं आणि दोन-तीन दिवसांत दुखणं ओसरतं. हिंडण्याफिरण्यानं आणि खांदा शेकल्यानं बरं वाटतं. मात्र छातीत दुखू लागलं किंवा धाप लागली, तर त्याला गॅस समजून बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

आता सव्वा महिन्याचं अंथरूण. हा हिशेब बाळंतिणीचा, तो ऑपरेशनला चिकटला. त्यावर एक जुनी गोष्ट ऐका. अंडाशयाची गाठ काढण्याचं नोंदलेलं पहिलं यशस्वी ऑपरेशन अमेरिकेत केंटकीमधल्या डॅनव्हिल गावी डिसेंबर १८०९ मध्ये झालं. इफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरांनी जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंच्या पोटातून सुमारे १० किलोची गाठ काढली. भुलीचा शोध तेव्हा लागायचा होता. पाचव्या दिवशी डॉक्टर बघायला गेले, तर बाई उठून स्वतःचं अंथरूण आवरत होत्या! पुढे त्या ७८ वर्षांपर्यंत जगल्या.

इतकी घाई कुणी करावी असं नाही, पण चालायला हवंच. पडून राहिलं की पायांतलं रक्त संथ वाहतं आणि पोटरीत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय आतडी सुस्तावतात आणि पोट गच्च होतं. म्हणूनच हल्ली ऑपरेशनच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पेशंटला चालवतात.

विश्रांती हवी ती ओझ्यापासून. वरची कातडी आठ-दहा दिवसांत जुळते, पण तिच्याखालच्या पोटाच्या थराला ताकद यायला कित्येक आठवडे लागतात. त्यावर जोर पडला तर तिथून हर्निया डोकावतो. भरलेली बादली पंधरा-वीस किलोंची असते, हे आपल्या लक्षातच येत नाही. पहिले काही आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची बादली नाही, सिलिंडर नाही आणि कडेवर मूलही नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर बहुतेक बायका दोन-तीन आठवड्यांत कामाला लागतात. पोट उघडून केलं असेल तर सहा आठवडे धरा. अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ येत नसेल, तेव्हा स्कूटर चालवायला हरकत नाही. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल डॉक्टरांना सरळ विचारावं. गर्भाशयही काढलं असेल तर आतले टाके भरायला साधारण सहा आठवडे द्यावे लागतात.

जेवणात खास पथ्य नसतं, फक्त बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कारण कुंथलं की टाक्यांवर ताण येतो. डिंकाचे लाडू हौसेनं एखादा खावा, पण भरपूर पाणी, पालेभाजी आणि मुनगा, म्हणजे शेवगा, जास्त कामाचे.

पाळी महिन्याआड येण्याची भीती मात्र साफ चुकीची. दोन अंडाशयांनी महिने वाटून घेतलेले नसतात. कोणत्या महिन्यात कुणाकडून बीज सुटेल याचा नेम नसतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दर महिन्याला हुकूम सोडते. एकच अंडाशय असलं तर तेच तो दर वेळी पाळतं. पहिली पाळी थोडी मागेपुढे होईल, इतकंच. दुसरं अंडाशय धडधाकट असेल तर दिवसही राहू शकतात. म्हणजे मूल नको असेल, तर 'आता काय भीती' म्हणून बेफिकीर राहू नये. पाळी कायमची जाण्याची वेळ सरासरीनं थोडी अलीकडे येऊ शकते, पण त्याला म्हातारपण म्हणत नाहीत.

दुसऱ्या काकूंच्या बोलण्यात तथ्य आहे, पण दोन्ही अंडाशयं काढली असतील तेव्हा. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते आणि त्याआधी काही वर्षं शरीर हळूहळू तयारी करतं. दोन्ही अंडाशयं काढली की ही तयारीची वर्षंच मिळत नाहीत. काही दिवसांत अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, घाम फुटतो, झोप मोडते, चिडचिड होते. रायपूरच्या नवतप्यात घाम कुणाला येत नाही? पण कूलरसमोर बसूनही छातीपासून चेहऱ्यापर्यंत एकदम लाट चढली आणि काही मिनिटांत उतरली, तर ती हार्मोनची आहे. पुढे हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. टाके भरले म्हणजे सगळं भरून आलं, असं इथे म्हणता येत नाही.

यावर हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल आहे. अनेकजणी कॅन्सरच्या भीतीनं त्यांना नकार देतात. ही भीती पसरली ती २००२ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासामुळे. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. चाळिशीच्या आत अंडाशयं गमावलेल्या बाईला तो निष्कर्ष तसाच लागू होत नाही. तिला जे शरीरातून अकाली गेलं, तेच नैसर्गिक वयापर्यंत बाहेरून द्यायचं असतं. स्तनाच्या कॅन्सरसारखं कारण असेल तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टर ठरवतील. जोडीला मडियाची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि रोजचं चालणं हाडांसाठी हवंच.

म्हणून नेमकं काय काढलं, हे बाईला ठाऊक असलंच पाहिजे. तुमच्या शहरात हे वेगळं सांगायला नको. २०१२ मध्ये रायपूर परिसरात सरकारी विम्याच्या स्मार्टकार्डावर पैसे मिळवण्यासाठी खासगी दवाखान्यांनी गरज नसताना गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं. बीडच्या ऊसतोड बायकांची अशीच कहाणी २०१९ मध्ये महाराष्ट्रभर चर्चेत आली. अशा ऑपरेशनांवर देखरेख ठेवण्याच्या केंद्राच्या सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये बजावलं. 'बच्चेदानी निकाल दी' एवढ्यावर समाधान मानू नये. त्यात अंडाशयं गेली की राहिली, एक की दोन, हे विचारावं. डिस्चार्ज कार्डावर 'बीएसओ' लिहिलं असेल तर दोन्ही अंडाशयं आणि दोन्ही नळ्या काढल्या आहेत; 'युनिलॅटरल' असेल तर एकाच बाजूचं.

ताप १००.४ च्या वर गेला, जखमेतून पू आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, उलट्या थांबेनात, पोट फुगत चाललं किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आणि एक गोष्ट तुमच्याच पत्रातली. गाठ 'साधी दिसतेय', असं डॉक्टर म्हणाले. ते नजरेचं अनुमान झालं. निकाल बायोप्सीचा रिपोर्ट देतो. तो आला का, याची चौकशी करा, डॉक्टरांकडून समजून घ्या आणि फाइलला लावा. जाऊबाईंना बरोबर न्या. तेवढंच त्यांचं चालणंही होईल.