गळाची काठी : समुद्रासाठी आणि तलावासाठी किफायतशीर निवड

कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारी म्हटले की रापण, डोल, पाग अशी जाळीच प्रथम डोळ्यांसमोर येतात. गळ हे साधन तितकेच जुने असूनही विकासाच्या विचारात त्याला फारसे स्थान मिळाले नाही. पर्यटन वाढू लागल्यापासून मात्र किनाऱ्यावरील आणि जलाशयांकाठच्या तरुणांचे लक्ष चालत्या होडीमागे गळ ओढून केल्या जाणाऱ्या मासेमारीकडे वळू लागले आहे. या पद्धतीला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. तिचा जोडधंदा करावयाचा तर पहिला खर्च काठी, रीळ आणि दोरी यांवर होतो. हा खर्च बहुधा घरच्या तुटपुंज्या शिलकीतून किंवा कर्जातून होतो, म्हणून काठीची निवड हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही. चुकीची काठी पहिल्याच मोठ्या माशाबरोबर मोडते आणि कर्जाचा हप्ता मात्र शिल्लक राहतो. ग्रामपंचायत सदस्य, सहकारी संस्थांचे कार्यकर्ते, विस्तार अधिकारी व शिक्षक यांना मार्गदर्शन करता यावे, या हेतूने या विषयाची मूलतत्त्वे येथे मांडली आहेत.

दोन सारखे शब्द, दोन भिन्न पद्धती

प्रथम एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ‘ट्रॉलिंग’ आणि ‘ट्रोलिंग’ हे शब्द कानाला जवळजवळ सारखे वाटतात. ट्रॉलिंगमध्ये यांत्रिक नौका पिशवीसारखे मोठे जाळे बहुधा समुद्रतळावरून ओढत नेते आणि त्यात लहानमोठे सर्व मासे सापडतात. ट्रोलिंगमध्ये होडीमागे एक किंवा अधिक दोऱ्या सोडतात. दोरीच्या टोकाला आमिष किंवा माशासारखे दिसणारे कृत्रिम आमिष असते. पळणाऱ्या भक्ष्यावर झडप घालणारा मासा ते पकडतो. एका गळाला एक मासा, असा हा हिशेब असल्यामुळे लहान मासा जिवंत परत सोडता येतो.

काठी हवीच का?

ज्याला मासा विकून पोट भरावयाचे आहे त्याने हा प्रश्न स्वतःस आधी विचारावा. नायलॉनची जाड दोरी, लाकडी गुंडाळी आणि हातमोजे एवढ्या साहित्यावर हाताने गळ ओढणारे कोळी सुरमई आणि कुपा पकडतात. लक्षद्वीपातील मिनिकॉय बेटावर कुपा पकडण्याची जी परंपरागत पद्धत आहे तीत काठी आहे, पण रीळ नाही. सारांश, केवळ बाजारासाठी मासेमारी करणाऱ्याला महागड्या काठीची गरज नाही. काठी लागते ती बारीक दोरीवर मोठा मासा दमवावयाचा असतो तेव्हा, किंवा पाहुण्याच्या हाती साधन द्यावयाचे असते तेव्हा. काठी वाकते आणि माशाचा धक्का सोसते, त्यामुळे दोरी तुटत नाही व गळ माशाच्या तोंडातून निसटत नाही. हेच काठीचे खरे काम होय.

तलावाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. या पाण्यात आमिषामागे धावणारा मासा आहे काय? आपल्या बहुतेक जलाशयांत कटला, रोहू आणि मृगल यांचे बीज सोडले जाते. कटला पृष्ठभागाजवळील सूक्ष्म प्लवकांवर जगतो, रोहू मधल्या थरात मुख्यतः वनस्पतिजन्य अन्न खातो आणि मृगल तळाचा गाळ चाळतो. यांपैकी कोणीही धावत्या कृत्रिम आमिषावर सहसा झडप घालीत नाही. मरळ मांसाहारी खरा, परंतु तो काठच्या पाणवनस्पतींत दबा धरून बसतो आणि तेथे ओढता गळ वनस्पतीतच अडकतो. महसिरासारखा मासा असलेल्या खोल जलाशयातच या पद्धतीला अर्थ आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात महसिराच्या बीजाची पैदास केली जाते. अशा दुर्मिळ होत चाललेल्या माशाच्या बाबतीत ‘पकडा आणि जिवंत सोडा’ हाच नियम पाळला पाहिजे.

पौंडाचा आकडा कसा वाचावा?

काठीच्या बुंध्याजवळ तिची लांबी आणि ‘१५ ते ३० पौंड’ असा आकडा छापलेला असतो. तो पकडावयाच्या माशाचे वजन दाखवीत नाही. किती ताणाला तुटणारी दोरी या काठीवर वापरावी, हे तो सांगतो. ३० पौंड म्हणजे सुमारे १३.६ किलो. रिळावरील ब्रेक दोरीच्या तुटण्याच्या ताणाच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतका ठेवावा, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे ३० पौंडी दोरीवर ३.४ ते ४.५ किलो ताण पडताच रीळ फिरून दोरी सुटू लागली पाहिजे. असे केल्यास १० किलोचा मासाही या दोरीवर दमवता येतो, कारण पाण्यात माशाचे बहुतेक वजन पाणीच पेलते. आपल्याला झुंजावयाचे असते ते त्याच्या ओढीशी.

किनाऱ्याजवळ सुरमईसाठी २० ते ३० पौंडी काठी बहुधा पुरेशी होते. ५० किंवा ८० पौंडी काठ्या खोल समुद्रातील प्रचंड माशांसाठी असतात. त्या जड असतात, महाग असतात आणि लहान माशाच्या धक्क्याला वाकत नाहीत. म्हणून ‘जितकी जाड तितकी चांगली’ हा समज खर्चिक तर आहेच, पण चुकीचाही आहे.

लांबी आणि तरफेचा नियम

शाळेत शिकविला जाणारा तरफेचा नियम येथे प्रत्यक्ष दिसतो. समजा, २ मीटर लांबीच्या काठीचा पुढचा हात टोकापासून १.६ मीटरवर आणि मागचा हात त्याच्या मागे ०.४ मीटरवर आहे. टोकाशी ४ किलोची ओढ असेल, तर मागच्या हाताला ४ × १.६ ÷ ०.४ = १६ किलो जोर खाली लावावा लागतो आणि पुढच्या हातावर २० किलो भार येतो. तीच काठी १.६ मीटरची करून पुढचा भाग १.२ मीटर ठेवला, तर हे आकडे अनुक्रमे १२ आणि १६ होतात. काठी वाकल्याने प्रत्यक्षात भार याहून काहीसा कमी होतो, परंतु तुलना तीच राहते. लांब काठी माशाला बळ देते आणि आखूड काठी माणसाला. म्हणूनच समुद्रातील ट्रोलिंगच्या काठ्या साधारणतः साडेपाच ते सात फुटांच्या असतात.

तलावात मात्र लांब काठी का वापरतात, हे समजण्यासाठी उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांचे उदाहरण घेऊ. तेथे समुद्री लॅम्प्रे या परोपजीवी माशाने सरोवरातील ट्राउटचा मोठा संहार केला आणि अटलांटिकमधून आलेल्या एलवाइफ या लहान माशाची बेसुमार वाढ झाली. तिला आळा घालण्यासाठी मिशिगन राज्याने १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक जातीचे सॅमन सोडले. हे मासे उन्हाळ्यात खालच्या थंड थरात उतरतात. त्यामुळे जड गोळ्याच्या साहाय्याने दोरी त्या खोलीपर्यंत नेतात. काठी आधारात रोवून कमानीसारखी वाकवून ठेवतात. मासा लागताच दोरी गोळ्यापासून सुटते आणि काठी झटकन सरळ होऊन ढिली पडलेली दोरी ओढून घेते. हे काम लांब आणि लवचिक काठीच करू शकते. म्हणून तेथे आठ ते दहा फुटी काठ्या रूढ झाल्या. होडीचा वेग तेथे ताशी सुमारे अडीच ते पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतका असतो. समुद्रात कृत्रिम आमिष याहून बरेच वेगाने ओढतात, त्यामुळे काठीवरचा सततचा ताणही वाढतो.

काचतंतू की कार्बन?

पूर्वी काठ्या बांबूच्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या आणि १९७० च्या दशकात कार्बनतंतूच्या काठ्या आल्या. कार्बनची काठी हलकी व ताठ असते. माशाचा बारीकसा स्पर्शही ती हाताला कळविते, परंतु होडीच्या कडेवर आपटल्यास तिच्यात न दिसणारी चीर पडते आणि ऐन वेळी ती मोडते. काचतंतूची काठी जड असते, पण लवचिक, चिवट आणि स्वस्त असते. ट्रोलिंगमध्ये काठी बहुतेक वेळ आधारात रोवलेली असते, त्यामुळे वजनाचा तोटा जाणवत नाही आणि चिवटपणाचा फायदा पुरेपूर मिळतो. नवशिक्या पाहुण्यांच्या हाती द्यावयाच्या काठीसाठी काचतंतू किंवा काचतंतू-कार्बन मिश्रण हीच शहाणपणाची निवड होय.

एक सावधगिरी सर्वांनी लक्षात ठेवावी. कार्बन हा विजेचा वाहक आहे. वीज चमकू लागताच काठ्या खाली ठेवून किनारा गाठावा. विजेच्या तारांखालून काठी उभी धरून कधीही जाऊ नये. काचतंतूची काठी ओली असेल तर तीही सुरक्षित समजू नये.

दुकानात काय तपासावे?

काठी डोळ्यासमोर धरून सर्व कड्या एका रेषेत आहेत का ते पाहावे. प्रत्येक कडीतून कापूस फिरवावा. तो अडकला तर कडीला चीर आहे आणि ती दोरी कापणार, हे निश्चित समजावे. कड्यांची चौकट गंजरोधक पोलादाची असावी. रिळाची बैठक घट्ट बसणारी असावी, ती हलत असेल तर काठी नाकारावी. विणलेली दोरी ताणली जात नाही, म्हणून तिच्यासाठी काठी मऊ आणि कड्या कठीण हव्यात. नायलॉनची एकतंतू दोरी स्वतः ताणली जाऊन धक्का सोसते आणि स्वस्तही पडते. नवशिक्यास तीच बरी. अखंड काठी मजबूत असली तरी एस.टी.तून नेणे अवघड जाते. अशा वेळी मुठीजवळ जोड असलेली काठी घ्यावी.

किंमत ठरविताना छापील आकड्याऐवजी हंगामाचा हिशेब करावा. समजा, एक काठी १,५०० रुपयांची असून एक हंगाम टिकते आणि दुसरी ४,००० रुपयांची असून चार हंगाम टिकते. दुसरीचा खर्च हंगामाला १,००० रुपयेच पडतो. सर्वांत स्वस्त काठी नेहमीच किफायतशीर असते असे नाही, तशीच सर्वांत महाग काठीही नसते.

निगा आणि नियम

खाऱ्या पाण्यातून आल्यावर काठी आणि रीळ गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवावे, सावलीत वाळवावे व रिळाचा ब्रेक ढिला करून ठेवावा. मासा ओढताना काठी डोक्यावरून मागे नेऊ नये. तसे केल्यास सर्व भार नाजूक टोकावर येतो, आणि बहुतेक काठ्या मोडतात त्या याच चुकीने. आधारात रोवलेल्या काठीला होडीशी बांधणारी दोरी असावी.

समुद्रातील मासेमारीस महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे. पावसाळी बंदीचा काळ पाळणे, तसेच शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी ठरवून दिलेल्या किमान आकारमानाचा आदर करणे, हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. मासेमारीच्या नौकेचा परवाना म्हणजे प्रवासी नेण्याचा परवाना नव्हे. पाहुणे न्यावयाचे असल्यास सागरी मंडळाची परवानगी घ्यावी आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे. जलाशयात मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची संमती घेतल्याशिवाय गळ टाकू नये. त्या पाण्यावर अनेक कुटुंबांची चूल अवलंबून असते.

शिक्षकांनी ताणकाटा आणि एक साधी काठी घेऊन तरफेचा वर दिलेला प्रयोग वर्गात करून दाखविल्यास विज्ञान आणि व्यवसाय यांची सांगड मुलांना सहज उमगेल. पंचायतींनी आणि संस्थांनी एकदम वीस काठ्या खरेदी करण्याऐवजी दोन काठ्या घेऊन एक हंगाम वापराव्यात. किती फेऱ्या झाल्या, किती मासे लागले, काय मोडले आणि का मोडले, याची नोंद वहीत ठेवावी. पुढच्या वर्षी कर्जाच्या अर्जावर सही करताना त्या वहीइतका खरा सल्लागार दुसरा मिळणार नाही.