कारण कुठे बसले आहे?

आपल्या पाबळला पाऊस कमी. असे का? पावसाळी वारे पश्चिमेकडून, समुद्रावरून येतात. वाटेत सह्याद्री उभा आहे. पुष्कळसा पाऊस कोकणात आणि घाटमाथ्यावरच पडतो. आपल्यापर्यंत थोडाच येतो.

ही गोष्ट तीन तऱ्हांनी लिहिता येते. मोठ्याने वाचा.

१. सह्याद्री वारे अडवतो, म्हणून पाबळला पाऊस कमी पडतो.
२. पाबळला पाऊस कमी पडतो, कारण सह्याद्री वारे अडवतो.
३. सह्याद्रीमुळे पाबळला पाऊस कमी पडतो.

अर्थ एकच. पण कारण कुठे बसले आहे, ते बघा. ‘म्हणून’ असेल तर ते आधी येते. ‘कारण’ हा शब्द असेल तर ते पुढे येते. ‘मुळे’ हा शब्द तर कारणाच्या नावालाच चिकटतो.

मुलांच्या इंग्रजी पुस्तकातही असेच आहे. ‘सो’ म्हणजे म्हणून. ‘बिकॉज’ म्हणजे कारण. त्याच्यापुढे पुरे वाक्य येते. ‘बिकॉज ऑफ’ म्हणजे मुळे. त्याच्यापुढे नुसते नाव येते.

आता एक सावधगिरी. मांजर आडवे गेले. नंतर बैलाला लाळ-खुरकूत झाली. इथे ‘नंतर’ खरे आहे. पण ‘मांजरामुळे झाली’ असे लिहू नका. हा रोग आजारी जनावरापासून लागतो. लस वेळेवर टोचली तर धोका पुष्कळ कमी होतो. मांजराला दोष दिला, तर लस टोचायची राहून जाईल. बैल आपलाच जायचा!

कचेरीच्या कागदात ‘सबब’ हा शब्द असतो. बोलताना आपण म्हणतो, “सबब सांगू नको.” तिथे सबब म्हणजे निमित्त. कागदात मात्र सबब म्हणजे ‘म्हणून’. हे वाचा:

अर्जासोबत सात-बाराचा उतारा जोडलेला नाही, सबब अर्ज नामंजूर.

‘नामंजूर’ एवढेच ऐकून घरी परतू नका. ‘सबब’च्या आधी बोट ठेवा. कारण तिथे आहे. उतारा राहिला होता ना? मग तो जोडून पुन्हा अर्ज करता येईल का, ते कचेरीत विचारा. आम्ही सांगतो, ज्याला कारण वाचता येते, त्याला पुढची वाट विचारता येते.

अभ्यास : पुढील वाक्य ‘कारण’ आणि ‘मुळे’ वापरून पुन्हा लिहा.
विहीर आटली, म्हणून कांदा वाळला.