अँटनीचे भाषण

भाषेला शोभा आणणाऱ्या शब्दरचनेस आपल्याकडे अलंकार म्हणतात. इंग्रजीत त्यास ‘फिगर ऑफ स्पीच’ असे नाव आहे. या नावात दागिन्याचा भाव नाही. बोलण्याला दिलेली विशिष्ट आकृती, एवढाच त्याचा अर्थ. ही आकृती काय करू शकते, हे विल्यम शेक्सपिअर या इंग्रज नाटककाराच्या ‘ज्युलिअस सीझर’ या नाटकातील एका प्रसंगावरून दिसून येते. हे नाटक इ. स. १५९९ च्या सुमारास लिहिले गेले.

इ. स. पूर्व ४४ मध्ये, १५ मार्च रोजी, रोमचा सत्ताधीश सीझर याचा वध झाला. कटवाल्यांचा पुढारी ब्रूटस हा सीझरचा मित्रच होता. नाटकात तो नागरिकांपुढे येऊन आपल्या कृत्याचे कारण सांगतो. त्याचे भाषण गद्यात असून मोजके आहे. सीझरवरील प्रेम आणि रोमवरील प्रेम ही तो जणू तराजूच्या दोन पारड्यांत घालतो. परस्परविरुद्ध कल्पना अशा तोलून मांडण्यास ‘अँटिथिसिस’ म्हणतात. लोकांना त्याचे म्हणणे पटते. इतके की, आता ब्रूटसलाच सीझर करा, असे एक जण ओरडतो!

त्यानंतर सीझरचा स्नेही मार्क अँटनी बोलावयास उभा राहतो. त्याला एका अटीवर परवानगी मिळालेली असते. सीझरची स्तुती खुशाल करावी, परंतु मारणाऱ्यांना दोष देऊ नये. अँटनी सुरुवातीस ही अट मोडत नाही. तो ब्रूटसला ‘ऑनरेबल’, म्हणजे सन्माननीय, म्हणतो. मग सीझरने युद्धकैद्यांच्या खंडणीने रोमचा खजिना भरला, गरिबांसाठी अश्रू ढाळले, तीन वेळा राजमुकुट नाकारला, अशी एकेक गोष्ट तो सांगतो आणि प्रत्येक वेळी तोच शब्द पुन्हा उच्चारतो. शब्द बदलत नाही; त्याचा अर्थ मात्र हळूहळू उलटा होत जातो. यास इंग्रजीत ‘आयरनी’ म्हणतात. आपल्या व्याजस्तुतीशी तिचे जवळचे नाते आहे, कारण येथेही वरून स्तुती आणि आतून निंदा असते. शेवटी गर्दीतील एक जण तोच शब्द तिरस्काराने उच्चारतो आणि ब्रूटसच्या साथीदारांना देशद्रोही ठरवतो. अँटनीने तोपर्यंत तसे एकदाही म्हटलेले नसते.

पुढे तो सीझरचे मृत्युपत्र दाखवतो आणि ते वाचणे बरे नव्हे, असे म्हणतो. सांगणार नाही असे म्हणत सांगण्याच्या या युक्तीस ‘पॅरालिप्सिस’ असे अवघड नाव आहे. युक्ती मात्र घरोघरी ठाऊक असते. लोक हट्टास पेटतात. परंतु तो आधी सीझरचे रक्ताळलेले वस्त्र दाखवतो, मग देह दाखवतो. सीझरच्या जखमांना तो मुकी मुखे म्हणतो आणि आपल्या वतीने त्यांनाच बोलावयास सांगतो. निर्जीव वस्तूस सजीवाचे गुण देणे, हीच आपली चेतनगुणोक्ती आणि इंग्रजीतील ‘पर्सॉनिफिकेशन’ होय. ब्रूटसप्रमाणे आपणास वक्तृत्व साधत नाही, असेही अँटनी सांगतो, आणि लोक तेही खरे मानतात! मृत्युपत्र वाचले जाते ते अगदी शेवटी. सीझरने प्रत्येक नागरिकास ७५ द्राक्मा ठेवलेले असतात.

ग्रीक चरित्रकार प्लूटार्क याने अँटनीच्या भाषणाने लोक खवळल्याचे लिहून ठेवले आहे. त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १५७९ मध्ये निघाले आणि शेक्सपिअरने त्याचा आधार घेतला. परंतु नाटकातील भाषणाची शब्दरचना शेक्सपिअरची आहे.

भाषण संपते आणि जमाव कटवाल्यांची घरे जाळण्यास धावतो. वाटेत त्यांना सिन्ना नावाचा मनुष्य भेटतो. कटात याच नावाचा दुसरा एक जण सामील असतो. तो मी नव्हे, मी कवी आहे, असे हा बिचारा परोपरीने सांगतो. तर मग वाईट कवितांसाठी याला मारा, असे कोणी ओरडतो, आणि जमाव त्याला ओढून नेतो.