आधी उतार बघ

अगं, दोन समीकरणं दिसली की लगेच गुणाकाराला धावू नकोस. आधी दोन्ही रेषांचे उतार बघ. २क्ष + ३य = १३ आणि ४क्ष + ६य = २०. पहिलीची दुप्पट केली तर २६ यायला हवेत, दुसरी म्हणते २०. म्हणजे रेषा समांतर, छेदनबिंदू नाहीच. २६ असते तर दोन्ही रेषा एकच. दोन्ही वेळा घाम गाळायची गरज नाही.

उतार वेगळे असले की मग पदर खोच. २क्ष + ३य = १३, ५क्ष − २य = ४. य घालवायचाय, म्हणून पहिलीला २ नं आणि दुसरीला ३ नं गुण. बेरीज केली की १९क्ष = ३८, क्ष = २, आणि पहिलीतून य = ३. सहगुणक अदलाबदल होऊन आले, जसे १७क्ष + १३य = ७३ आणि १३क्ष + १७य = ७७, तर गुणाकारही नको. एकदा बेरीज, एकदा वजाबाकी: क्ष + य = ५, क्ष − य = −१. पुढचं तोंडी.

जवळजवळ समांतर रेषांपासून मात्र सावध. य = क्ष आणि य = १.०१क्ष − १ या रेषा क्ष = १०० वर छेदतात. १.०१ चं १.०२ कर, बिंदू थेट ५० वर येतो! म्हणून जमीन मोजणारे अरुंद कोन टाळतात. आपल्या परंगीमलैपाशी, म्हणजे सेंट थॉमस माउंटजवळ, १८०२ च्या एप्रिलात लॅम्बटन या सर्वेक्षकानं साडेसात मैलांची पायारेषा मोजायला घेतली. तिच्या दोन टोकांवरून एकाच खुणेचे कोन घ्यायचे, दोन नजररेषा छेदतात तिथे ती खूण. पुढे ही मोजणी हिमालयापर्यंत गेली. लांबवर नजर पोचायला उंच जागा लागते, पण कावेरीच्या सपाट मुलखात टेकडी कुठली? १८०८ मध्ये सरफोजीराजांच्या तंजावरात कोन मोजायचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट बृहदीश्वराच्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटून भिंतीवर आदळलं. लॅम्बटननं ते स्वतः दुरुस्त केलं.

आणि पडताळा. ज्या समीकरणातून य काढलास त्यातच उत्तर घालून बघू नकोस. क्ष चुकला असला तरी ते जुळणारच. दुसऱ्यात घाल: ५क्ष − २य म्हणजे १० − ६ = ४.

आता पुस्तकातली पुढची चार उदाहरणं घे. उत्तरं नकोत, फक्त कुठल्या रेषा भेटतील तेवढं सांग.