कटर-ग्राइंडरला एक्स्टेंशन लावताना: काय करावे, काय टाळावे

घराचे काम निघाले की मार्बल कटर, ग्राइंडर, ड्रिल घरात येतात आणि टीव्हीमागचा एक्स्टेंशन बोर्ड त्यांच्या दिमतीला जातो. तो बोर्ड मोबाइल आणि सेट-टॉप बॉक्ससाठी घेतलेला असतो. हजार-दोन हजार वॉटची मशीन त्यावर चालवणे म्हणजे आग आणि शॉक दोन्हींना वाट करून देणे. मशीन भाड्याने आणताना, कारागिराला काम देताना किंवा स्वतः ड्रिल हातात घेताना वायरचा विचार मशीनबरोबरच करावा.

काय करावे

- आधी मशीनवरची पट्टी वाचा. वॉटच्या आकड्याला २३० ने भागले की साधारण किती अँपिअर लागतील ते कळते. १,४०० वॉटचा कटर ६ अँपिअरपेक्षा थोडा जास्तच करंट ओढतो, म्हणजे ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटची मर्यादा तिथेच संपली. अशा मशीनला १६ अँपिअरचा टॉप (प्लग) आणि सॉकेट लावा.

- वायरची जाडी लांबीसकट ठरवा. हजार वॉटपर्यंतच्या ड्रिलला १०-१५ मीटरसाठी १ स्क्वेअर एमएम पुरते. मार्बल कटरला २० मीटरपर्यंत १.५ घ्या. लोखंड कापायची मोठी कटऑफ मशीन किंवा ब्रेकर असेल, किंवा वायर ३० मीटरच्या घरात जात असेल, तर २.५ घ्या. हिशेब साधा आहे: २,२०० वॉटची मशीन ०.७५ च्या ३० मीटर वायरवर चालवली तर सुमारे १५ व्होल्ट वायरमध्येच जातात आणि त्यांची उष्णता होते. २.५ च्या वायरमध्ये हेच नुकसान ५ व्होल्टच्या आत राहते. व्होल्टेज कमी पडले की भाराखाली मोटर मंदावते, वाइंडिंग तापते आणि मशीन जळते.

- तीन कोअरची, आयएसआय मार्क असलेली तांब्याची वायर घ्या. हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार अर्थिंगची. ती टॉपच्या जाड, लांब पिनेपासून बोर्डाच्या सॉकेटपर्यंत सलग पोचली पाहिजे. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या मशीनला दुहेरी इन्सुलेशन असते, म्हणून तिला दोनच पिना चालतात. तरीही एक्स्टेंशन तीन कोअरचेच ठेवा, कारण उद्या त्यावर लोखंडी बॉडीची मशीन लागू शकते.

- ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागेच काम करा. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. १६ अँपिअरचा एमसीबी ज्या करंटला ट्रिप होतो, त्याच्या कितीतरी पट कमी करंट जीव घेतो. आरसीसीबी मात्र ०.०३ अँपिअरच्या गळतीला लाइन तोडतो. अर्थिंग नीट असेल तर गळती होताच तो पडतो. अर्थिंग नसेल, तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत त्याला गळती कळतच नाही. म्हणून दोन्ही हवेत. काम सुरू करण्यापूर्वी आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहा.

- गुंडाळी पूर्ण उलगडा. रिळावर गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही. आतले वेढे वितळतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

- अधूनमधून हात लावून पाहा. मशीन थांबवा, स्विच बंद करा, मग टॉप आणि वायर तपासा. चटका बसण्याइतकी गरम लागली तर वायर बारीक आहे किंवा पीन सैल आहे. काम तिथेच थांबवा.

काय टाळावे

- उघड्या तारा सॉकेटमध्ये खुपसून काडी मारू नका. साइटवर रोज दिसणारी ही सवय सर्वांत घातक आहे. काडी सैल होते, ठिणग्या उडतात आणि अर्थिंगची तार तर बहुतेक वेळा लावलेलीच नसते. साधा टॉप बसवायला पाच मिनिटे पुरतात.

- अर्थिंगची पीन कापू नका, काढू नका. सॉकेट दोन पिनांचे असेल तर सॉकेट बदला.

- बोर्डाला बोर्ड जोडू नका. प्रत्येक जोड म्हणजे तापण्याची एक नवी जागा. अंतर जास्त असेल तर एकच लांब, जाड वायर आणा.

- कापलेल्या वायरवर टेप गुंडाळून ती साइटवर चालवू नका. ओढाताणीत टेप सुटते, पावसात पाणी आत शिरते. खराब तुकडा काढून टाका आणि टोकाला नवा टॉप बसवा.

- बोर्ड ओल्या जमिनीवर ठेवू नका. टाइल्स कापताना पाणी वाहतेच. बोर्ड कोरड्या फळीवर किंवा उंच टांगून ठेवा. ओल्या हाताने, अनवाणी मशीनला हात लावू नका. पावसात उघड्यावर काम नकोच.

- वायर दाराच्या फटीतून, गालिच्याखालून किंवा गाडीच्या चाकाखालून नेऊ नका. कटरच्या पात्याच्या वाटेतही ती येऊ देऊ नका. वायर नेहमी आपल्या पाठीमागे ठेवा.

- लाइट गेल्यावर मशीन तशीच ठेवू नका. ग्राइंडरचे बटण लॉक राहिले असेल तर लाइट येताच तो आपोआप फिरू लागतो. आधी बटण बंद करा, मग टॉप काढा. टॉप काढताना वायर ओढू नका, टॉपलाच धरा.

शॉक बसलाच तर

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. तो कुठे आहे हे काम सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक कामगाराला दाखवून ठेवा. मग १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि छातीवर दाब देणे कुणाला येत असेल तर ते लगेच सुरू करा. माणूस उठून बसला तरी त्याला डॉक्टरांकडे न्याच, कारण शॉकने बिघडलेली हृदयाची लय बाहेरून दिसत नाही.