पक्ष, पद आणि मतदार : लोकसभा निवडणुकीतील नागरी कर्तव्य

लोकसभेची सार्वत्रिक निवडणूक हा आपल्या देशातील सर्वांत मोठा नागरी व्यवहार होय. २०२४ साली झालेल्या अठराव्या लोकसभेच्या निवडणुकीत मतदारयाद्यांवर सुमारे ९७ कोटी नावे होती. साडेदहा लाखांच्या आसपास मतदान केंद्रे उभारण्यात आली होती आणि सुमारे दीड कोटी माणसे या ना त्या नात्याने या कामी लागली होती. १९ एप्रिल ते १ जून या काळात सात टप्प्यांत मतदान झाले. त्यांपैकी पाच टप्प्यांत महाराष्ट्रातील ४८ जागांचे मतदान पार पडले आणि ४ जून रोजी सर्व देशाची मतमोजणी झाली.

या प्रचंड कार्याचा भार ज्यांच्या खांद्यावर असतो, ती माणसे आपल्याच परिचयाची असतात. शाळेतील शिक्षक केंद्राध्यक्ष म्हणून बसतात, महसूल व पंचायत विभागांचे कर्मचारी साहित्याची ने-आण करतात आणि पंचायतीचे सदस्य गावातील वातावरण सांभाळतात अथवा बिघडवतात. यांतील प्रत्येकजण मतदार आहे आणि प्रत्येकाला स्वतःचे राजकीय मतही आहे. हे मत कोठे मांडावे व कोठे बाजूस ठेवावे, हा प्रश्न दर निवडणुकीत उपस्थित होतो. त्याचे उत्तर कायद्यात बऱ्याच अंशी दिलेले आहे. तथापि त्यामागील विचार ध्यानी घेतला नाही, तर नियम केवळ जाचक वाटू लागतात.

पक्ष हवेत, पण कोठे?

राजकारण वाईट आणि पक्ष त्याहून वाईट, असे बोलण्याची प्रथा समाजात आढळते. हा समज लोकशाहीला पोषक नाही. कोट्यवधी मतदारांपुढे धोरणांचे स्पष्ट पर्याय ठेवणे, उमेदवार निवडणे, सत्तेवर येणाऱ्यास जाब विचारणे ही कामे संघटित पक्षांवाचून होऊ शकत नाहीत. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते व त्यांतील बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकिर्दीत चिन्हांची पद्धत रूढ झाली आणि प्रत्येक उमेदवारासाठी त्याचे चिन्ह असलेली स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली. निरक्षर मतदारालाही आपली निवड स्वतंत्रपणे करता आली, ती या चिन्हांमुळे.

राज्यघटनेच्या मूळ मसुद्यात राजकीय पक्षांची व्यवस्था सांगितलेली नव्हती. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरास आळा घालण्यासाठी दहावे परिशिष्ट जोडले गेले आणि पक्षाच्या अस्तित्वाला घटनेत प्रत्यक्ष स्थान मिळाले. म्हणजेच पक्षनिष्ठा ही दोषार्ह गोष्ट नव्हे. पक्षनिष्ठेने आपली जागा सोडून सार्वजनिक पदाचा आश्रय घेतला, की दोष उत्पन्न होतो.

मतदान केंद्रातील दोन आसने

पक्षाची जागा कोणती व पदाची कोणती, हे पाहावयाचे असेल तर मतदान केंद्रासारखे उदाहरण दुसरे नाही. एका बाजूस केंद्राध्यक्ष व मतदान अधिकारी यांची आसने असतात. दुसऱ्या बाजूस निरनिराळ्या उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी बसतात. पहिल्यांनी कोणाचाही पक्ष घ्यावयाचा नसतो. दुसरे मात्र उघडपणे पक्षाचेच असतात आणि त्यांनी तसे असावे, अशीच कायद्याची अपेक्षा आहे.

मतदान सुरू होण्यापूर्वी सुमारे ९० मिनिटे प्रतिनिधींच्या समक्ष अभिरूप मतदान घेण्यात येते. किमान ५० मते टाकून यंत्रातील आकडे आणि व्हीव्हीपॅटमधील चिठ्ठ्या यांचा मेळ घालतात. नंतर ती मते पुसून यंत्र मोहोरबंद केले जाते व मोहोरेच्या कागदावर प्रतिनिधींना सही करता येते. एखाद्या मतदाराच्या ओळखीविषयी शंका आल्यास प्रतिनिधीला दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो आणि केंद्राध्यक्षाने तेथल्या तेथे चौकशी करून निर्णय द्यावा लागतो. आपल्या नावावर दुसऱ्याने आधीच मत दिल्याचे एखाद्या खऱ्या मतदारास आढळले, तर त्याला प्रदत्त मत देण्याची सोय आहे. मतदान संपल्यावर नमुना १७-सी मध्ये नोंदलेल्या मतांचा हिशेब तयार होतो व त्याची प्रत प्रतिनिधींना दिली जाते. मतमोजणीच्या दिवशी तो आकडा ताडून पाहता येतो.

या सर्व व्यवस्थेत परस्परविरोधी पक्षांचा संशय वाया जात नाही, तो पहाऱ्याच्या कामी येतो. प्रतिनिधी जागरूक नसतील तर अधिकाऱ्याच्या निःपक्षपातीपणाला साक्षीदार उरत नाही. उलट अधिकारीच एका बाजूस झुकला, तर प्रतिनिधींच्या जागरूकतेला अर्थ राहत नाही. एकच व्यक्ती दोन्ही आसनांवर बसू पाहते, तेव्हा ही व्यवस्था कोसळते.

शासकीय सेवकाची मर्यादा

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील तरतुदींनुसार निवडणुकीच्या कामी नेमलेले अधिकारी त्या काळापुरते निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते. कलम १२९ प्रमाणे त्यांना मत देण्याखेरीज उमेदवाराच्या यशापयशासाठी काहीही करता येत नाही. शासकीय सेवकाने उमेदवाराचा निवडणूक प्रतिनिधी, मतदान प्रतिनिधी अथवा मोजणी प्रतिनिधी म्हणून काम करणे हा कलम १३४-अ अन्वये गुन्हा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनी पक्षाचे सभासदत्व व प्रचार यांस मनाई केली आहे. सेवकाचा मतदानाचा हक्क अबाधित ठेवतानाच आपण कोणास मत दिले वा देणार, याची वाच्यता त्याने करू नये, असेही हे नियम सांगतात.

ही बंधने किती गंभीर आहेत, याची साक्ष इतिहासात आहे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेली मतदारसंघातील १९७१ ची निवडणूक रद्द ठरविली. न्यायालयाने ग्राह्य धरलेले दोन्ही मुद्दे शासकीय सेवकांच्या साहाय्याशी निगडित होते. पंतप्रधानांच्या सचिवालयातील एका अधिकाऱ्याने राजीनामा अमलात येण्यापूर्वीच निवडणुकीचे काम केले, हा एक मुद्दा होता. राज्य शासनाच्या अधिकाऱ्यांनी प्रचारसभांसाठी व्यासपीठे व ध्वनिक्षेपकांसाठी वीज यांची व्यवस्था केली, हा दुसरा. पुढे कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती झाली आणि ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक वैध ठरविली. त्या निकालाविषयी मते काहीही असोत, राजीनाम्याची तारीख आणि व्यासपीठाची उभारणी अशा कार्यालयीन बाबींवर देशाच्या सर्वोच्च पदाचे भवितव्य येऊन ठेपले होते, ही गोष्ट प्रत्येक अधिकाऱ्याने स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

आचारसंहिता म्हणजे कामबंदी नव्हे

आदर्श आचारसंहितेचा उगम १९६० च्या केरळ विधानसभा निवडणुकीत आढळतो. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ती सर्वत्र प्रसृत करण्यात आली. १९७९ मध्ये सत्तारूढ पक्षासंबंधीचा भाग तीत समाविष्ट झाला आणि १९९० नंतर मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात तिची अंमलबजावणी अधिक कडक झाली. ही संहिता म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे. पक्षांच्या संमतीतून ती घडली आणि घटनेच्या ३२४ व्या अनुच्छेदाने आयोगास दिलेल्या अधिकारातून तिला बळ मिळते.

टीका धोरणे, कार्यक्रम व पूर्वीची कामगिरी यांपुरती ठेवावी, खासगी जीवनावर नको, असे ही संहिता सांगते. जात वा धर्म यांच्या नावाने मते मागू नयेत, प्रार्थनास्थळांचा प्रचारासाठी वापर करू नये, मालकाच्या परवानगीवाचून भिंती रंगवू नयेत, सार्वजनिक मैदाने व विश्रामगृहे एकाच पक्षाने अडवून ठेवू नयेत, असेही तिचे दंडक आहेत. निवडणूक जाहीर झाल्यावर सत्तारूढ पक्षाने नव्या अनुदानांच्या घोषणा, कोनशिला व सरकारी खर्चाने जाहिराती टाळाव्यात, हा तिचा मध्यवर्ती आशय होय.

तथापि “आचारसंहिता आहे, आता काही होणार नाही,” हे उत्तर अनेक कार्यालयांत सर्रास ऐकू येते. जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेली कामे आचारसंहितेमुळे बंद पडत नाहीत. आपत्तीग्रस्तांचे साहाय्य व पिण्याच्या पाण्याची निकड यांकडेही तिच्या नावाखाली दुर्लक्ष करता येत नाही. जेथे आवश्यक तेथे आयोगाची परवानगी मागण्याचा मार्ग खुला असतो. लोकसभेच्या निवडणुका बहुधा एप्रिल-मे महिन्यांत येतात आणि महाराष्ट्रातील टंचाईचे दिवसही तेच असतात. वाडीवरचा टँकर थांबविणे हे संहितेचे पालन नव्हे. फक्त त्या टँकरवर कोणा पक्षाचे चिन्ह अथवा पुढाऱ्याचे छायाचित्र असता कामा नये.

शिक्षकाचे दुहेरी दायित्व

मतदारयादीपासूनच शिक्षकाचा निवडणुकीशी संबंध येतो. पहिल्या निवडणुकीच्या वेळी प्रामुख्याने उत्तर व मध्य भारतात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत येऊ शकली नाहीत. अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढीच ओळख त्यांनी सांगितली होती आणि स्वतःच्या नावाशिवाय नोंद करावयाची नाही, असा आयोगाचा निर्णय होता. पुढे ही उणीव भरून निघाली. यादीतील प्रत्येक नाव हे एका स्वतंत्र नागरिकाचे नाव असते, हा बोध मात्र कायम आहे. लग्न होऊन आलेली सून, हंगामी ऊसतोडणीस गेलेले कुटुंब, १८ वर्षे नुकतीच पूर्ण केलेला तरुण यांची नोंद करताना ती कोणत्या गटाची मते आहेत, असा विचार मनाला शिवताच पक्षपाताला प्रारंभ होतो.

निवडणुकीच्या कामामुळे शिक्षणाची हानी होते, ही तक्रार रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये शिक्षकांकडून असे काम सुटीच्या दिवशी व अध्यापनाच्या वेळेबाहेर घ्यावे, असे सांगितले. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने मात्र निवडणुकीचे काम शिक्षकांच्या अनुज्ञेय कामांत ठेवले आहे. वर्गात शिक्षकाने मतदान कसे होते, मत गुप्त का असते, हे अवश्य शिकवावे. मत कोणास द्यावे, हे मुलांच्या मार्फत घरी पोचविण्याचा त्यास अधिकार नाही.

पंचायत सदस्य आणि गावाची एकी

पंचायत सदस्याची स्थिती निराळी आहे. तो निवडून आलेला असतो आणि त्याला पक्षकार्य करण्याची मोकळीक असते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांवर लढविल्या जात नाहीत. गावाचा कारभार पक्षभेदापासून शक्य तितका दूर राहावा, ही त्यामागील भूमिका ध्यानात घ्यावयास हवी. लोकसभेच्या प्रचारात सरपंचाने आपल्या पसंतीच्या उमेदवारासाठी घरोघर जावे. परंतु ग्रामपंचायतीचे कार्यालय, वाहन, कर्मचारी अथवा दाखल्यावरील सही ही त्याच्या पक्षाची मालमत्ता नव्हे.

“गावाने एकमुखाने ठरविले आहे,” हे वाक्य ऐकावयास गोड असते. प्रचाराने मन वळवून तसे घडले तर हरकत नाही. मात्र ठराव करून, शपथा घालून अथवा वाळीत टाकण्याची भीती दाखवून एकगठ्ठा मते मिळविणे हा गैरप्रकार होय. कलम १२३ मध्ये मतदारास सामाजिक बहिष्काराची वा जातीतून काढण्याची धमकी देणे हे गैरवाजवी दडपण मानले आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा स्वतंत्र अधिनियम २०१७ पासून अमलात आहे. मतदानावर सामुदायिक बहिष्काराची घोषणा करणाऱ्या गावांनीही हे ध्यानी घ्यावे. स्वतः मत न देण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास आहे, शेजाऱ्यास अडविण्याचे नाही. कोणताच उमेदवार पसंत नसल्याचे नोंदविण्याची सोयही २०१३ पासून यंत्रावर उपलब्ध आहे.

खरी कसोटी निकालानंतर

मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रांमुळे केंद्रनिहाय आकडे उघड होतात. व्यक्तीचे मत गुप्तच राहते. परंतु कोणत्या वस्तीने कोणास किती मते दिली, याचा अंदाज गावात सर्वांना येतो. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र करणारे साधन वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला. विधि आयोगानेही २०१५ मध्ये तशी शिफारस केली. त्याचा अवलंब मात्र झाला नाही. तेव्हा या आकड्यांचा गैरवापर न होऊ देण्याची जबाबदारी गावच्या कारभाऱ्यांवर व अधिकाऱ्यांवरच येते.

विरोधात मते देणाऱ्या वस्तीचा रस्ता मागे पडला, नळजोडणी रखडली, घरकुलाच्या यादीतून पात्र नाव गळले, तर त्या वस्तीला पुढील निवडणुकीत मत स्वतंत्र राहिलेले नसते. ते दंडाच्या भीतीने दिलेले मत होते. मतदान केंद्रात काटेकोरपणे राखलेली गुप्तता आणि मोहोर यांवर अशा वेळी पाणी पडते. म्हणून कामांचा प्राधान्यक्रम गरजेवर ठरावा, तो ग्रामसभेत वाचून दाखविला जावा आणि एखादे काम मागे का राहिले, याचे लेखी कारण नोंदले जावे. हा साधा कार्यालयीन शिरस्ता मतदाराचे जेवढे संरक्षण करू शकतो, तेवढे कोणतेही भाषण करू शकणार नाही.

निवडणुकीत पक्षांनी जोमाने लढावे, कार्यकर्त्यांनी उत्साहाने प्रचार करावा आणि मतदाराने निर्भयपणे मत द्यावे. निकाल लागल्यावर जिंकलेल्यांचे व हरलेल्यांचे पाणी एकाच नळाला येते, त्यांची मुले एकाच शाळेत बसतात. ज्या गावात हे व्यवहार निकालाच्या दुसऱ्या दिवशी पूर्ववत् चालू राहतात, त्या गावाने निवडणूक नीट पार पाडली, असे निश्चितपणे म्हणता येईल.