डॉक्टरांचा दोन मिनिटांचा सल्ला

खोकला किंवा दुखरा गुडघा घेऊन आलेल्या रोग्याला, त्याने न विचारलेल्या सवयीविषयी डॉक्टरांनी काही सांगावे काय? आणि सांगितले तर तो ऐकतो काय? सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा निकट संबंध रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये ब्रिटनमध्ये दाखवून दिला होता. तथापि केवळ सांगण्याने सिगारेट सुटत नाही, अशी शंका डॉक्टरांच्या मनात येणे स्वाभाविक होते. शंभरांतील पाच जणांनी ती सोडली तरी दवाखान्यात पुन्हा खोकत येतात ते उरलेल्या पंच्याण्णवांपैकीच.

ही शंका लंडनमध्ये मायकेल रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कसोटीस लावली. त्यांचा निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा असून बहुतेक प्रत्येकाचे नाव कोणा ना कोणा कुटुंब-डॉक्टरांकडे नोंदलेले असते. त्यामुळे सिगारेट सोडण्याचा विचारही ज्यांच्या मनात नाही, असे लोक त्यांच्याकडे येतात. अनेक डॉक्टरांनी मिळून चालविलेल्या पाच दवाखान्यांतील २८ डॉक्टरांकडे चार आठवड्यांत आलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या २,१३८ रोग्यांचे चार गट करण्यात आले. पहिल्या गटास काहीच सांगितले नाही. फक्त पुढे त्यांची चौकशी केली. दुसऱ्याकडून सवयीविषयी एक प्रश्नपत्रिका भरून घेतली. तिसऱ्यास प्रश्नपत्रिकेशिवाय डॉक्टरांनी मिनिट-दोन मिनिटे सल्ला दिला. चौथ्यास याखेरीज एक पत्रक दिले, आणि पुढे आपली विचारपूस होणार आहे याची जाणीव दिली.

पहिल्या महिन्यात सिगारेट सोडून वर्षानंतरही तिच्यापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण चार गटांत अनुक्रमे शेकडा ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ असे आढळले. नुसत्या प्रश्नपत्रिकेच्या गटातही पहिल्यापेक्षा अधिक लोकांनी सिगारेट सोडलेली दिसावी, हे मोठे कुतूहलाचे आहे. मात्र वर्षाअखेर पुरेशी माहिती मिळाली ती १,५६७ जणांचीच, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

सल्ल्याचे कार्य घडते कसे? सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी यशस्वी होणाऱ्यांचे प्रमाण सल्ल्यामुळे वाढले नाही. वाढली ती प्रयत्न करणाऱ्यांची संख्या. म्हणजे सल्ला हे औषध नव्हे. एरवी जो प्रयत्नच करणार नव्हता, त्याला तो प्रयत्नास लावतो. निकोटिनची ओढ त्यानेही कमी होत नाही आणि बहुसंख्य लोक पुन्हा सिगारेटकडे वळतात.

शेकडा पाच हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण देशातील सर्व कुटुंब-डॉक्टरांनी असा सल्ला दिल्यास वर्षाला पाच लाखांहून अधिक लोक सिगारेट सोडतील, असा हिशेब संशोधकांनी मांडला. त्या वेळी व्यसनमुक्तीची खास केंद्रे सुमारे ५० होती. ती १०,००० केली तरी हे फळ मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे इतरत्रही अशा चाचण्या झाल्या. थोडक्या सल्ल्याच्या १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण होऊन सिगारेट सोडणारे शेकडा दोन-तीन धरले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांत आणखी एक ते तिघांची भर पडते, असे त्यात दिसून आले.